खिसा कोणत्या बाजूला

मास्तर शर्ट शिवतात. पँट शिवत नाहीत, सूट शिवत नाहीत, फाटलेलं रफू करून देत नाहीत. गेली पस्तीस वर्षं फक्त शर्ट. बाजाराच्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांचं दुकान आहे. दारातच कापायचं टेबल, त्यामागे दोन शिलाई मशिनी, आणि माप घ्यायला पडद्याआडचा एक कोपरा, ज्यात जाड माणूस शिरला की पडदा बाहेर फुगतो. एका मशीनवर मास्तर बसतात, दुसरीवर त्यांची बायको. काज-बटण तिच्याकडे, कॉलर उलटवणं तिच्याकडे, आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या नादात मास्तर आकडा विसरले की तो लक्षात ठेवणंही तिच्याकडेच.

आकडा विसरला जातो तो चौकशीमुळे. या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट आपापली चाललेली बघवत नाही. ती कशी चालते, कोण चालवतं, आणि बंद पडली तर काय, हे कळेपर्यंत डोक्यात भुंगा. मागे लिफ्ट दुरुस्त करायला एक बाई आली होती. मास्तरांनी तिला इतके प्रश्न विचारले की तिनं शेवटी पान्हाच त्यांच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहून चहा प्यायली.

एका बाबतीत मात्र हा माणूस घट्ट. मापाच्या वहीतलं बाहेर जायचं नाही. टेप लावणाऱ्याला लोकांची अंगं कळतात: कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणी वर्षभरात दहा किलो गमावलेत आणि घरी सांगितलेलं नाही, कुणाच्या पाठीवर कसला वण आहे. मास्तरांनी यातलं कधी कुणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर पडद्यापासून चार हातांवर बसलेली असते.

छातीतल्या यंत्राशी त्यांची पहिली गाठ पडली ती पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजोबांमुळे. शोल्डरचं माप घेताना गळ्याच्या डाव्या हाडाखाली टेप अडली. कातडीखाली काड्यापेटीएवढा उंचवटा होता, वर एक आडवी बारीक शिवण. ‘कुणी घातलीय टीप, सुरेख आहे,’ असं मास्तर म्हणाले, आणि मग अर्धा तास आजोबांची सुटका नाही. हृदयाची गती कमी पडली की हे यंत्र, पेसमेकर, तिला ढोसतं, त्यात बॅटरी असते, ती काही वर्षांनी बदलावी लागते, मोबाइल त्याच्याजवळ ठेवायचा नाही, हे सगळं मास्तरांनी काढून घेतलं. शेवटच्या मुद्द्यावर ते थबकले. शर्टाला खिसा डावीकडे, आणि माणूस मोबाइल टाकतो तो खिशातच. त्यांनी आजोबांचा खिसा उजवीकडे लावून दिला.

तेव्हापासून ती दुकानाची पद्धतच झाली. यंत्रवालं गिऱ्हाईक आलं की खिसा उजवीकडे. सहा वर्षांत असे अकरा जण झाले. जिन्यावरून कुणी उजव्या खिशाचा शर्ट घालून चढताना दिसला की मास्तरांना आत काय आहे ते कळायचं, आणि दुसऱ्या कुणालाच कळत नाही याची त्यांना गंमत वाटायची.

बारावा निघाला तो घरचाच. बायकोचा धाकटा भाऊ सुतार आहे. डाव्या हातानं काम करतो म्हणून लहानपणापासून त्याला सगळे डावऱ्या म्हणतात. एकटा जीव, सुतारकामाच्या कारखान्यामागच्या खोलीत राहतो. आई लवकर गेली, तेव्हा त्याला वाढवला तो या ताईनंच. तो शिंकला तरी ती त्याला घरी आणून झोपवते आणि दोन दिवस उठू देत नाही. असा हा डावऱ्या ‘बाहेरगावी मोठं काम आहे’ म्हणून तीन आठवडे गायब झाला, परत आला, आणि नव्या शर्टाचं माप द्यायला पडद्याआड उभा राहिला. मास्तरांची टेप उजव्या हाडाखाली अडली.

त्यांनी डोळे वर केले. डावऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. बाहेर ताईची मशीन चालू होती. मग हळू आवाजात त्यानं सांगितलं ते असं, की चक्कर येऊन दोनदा पडला होता, डॉक्टरांनी यंत्र बसवलं, आणि रंधा डाव्या हातानं मारतो म्हणून उजवीकडे बसवलं. ताईला कळलं तर ती हातात करवत धरू देणार नाही. काम सुटलं तर खोलीत बसून करायचं काय?

“भावोजी, ताईला सांगू नका. एवढं एक करा.”

मास्तरांनी मान हलवली. वहीतलं बाहेर जात नाही, तर हे कसं जाईल? शिवाय यात लपवायलाही काही नव्हतं. यंत्र उजवीकडे, म्हणजे खिसा आपला नेहमीच्या जागी, डावीकडेच बरा. शर्ट चारचौघांसारखा शिवून झाला, आणि बायकोनं स्वतः त्याला बटणं लावली.

पुढे पाचेक महिन्यांनी इमारतीत एक पेटी आली. तळमजल्यावर लिफ्टशेजारी, काचेच्या दाराची. आग विझवायचं काहीतरी असेल असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. मास्तर तीन दिवस काचेला नाक लावून उभे राहिले. चौथ्या दिवशी सूचना लागली: पेटीत डिफिब्रिलेटर आहे, हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देऊन परत ताळ्यावर आणणारं मशीन, आणि ते वापरायला शिकवण्यासाठी दवाखान्यातून सिस्टर येणार आहेत. रविवारी सकाळी दुकानदारांपैकी नऊ जण जमले. मास्तर पहिल्या रांगेत, शेजारी बायको, मागे इमारतीचा वॉचमन.

सिस्टर ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या, आणि प्रश्नांना न कंटाळणाऱ्या निघाल्या. त्यांनी रबरी धड टेबलावर ठेवलं आणि सांगायला लागल्या. माणूस पडला, हाक मारून हलत नाही, श्वास धड चालत नाही, तर एकानं रुग्णवाहिकेला फोन करायचा, एकानं मशीन आणायचं, एकानं छाती दाबायला लागायचं. मशीन उघडलं की ते स्वतःच बोलतं. दोन चिकट पॅड असतात. चित्रात दाखवल्याप्रमाणे एक उजव्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली. मग सगळ्यांनी हात काढायचे, झटका द्यायचा की नाही ते मशीन ठरवतं.

मास्तरांचा हात वर गेला तो खाली आलाच नाही. मशीनला कसं कळतं? चुकून जिवंत माणसाला लावलं तर? ओल्या अंगाला चिकटतं का? आणि ज्याच्या छातीत आधीच यंत्र आहे, त्याचं काय?

या शेवटच्या प्रश्नावर सिस्टर खूश झाल्या. यंत्र आहे म्हणून झटका द्यायचाच नाही, ही चूक कधीही करू नका, म्हणाल्या. द्यायचाच. फक्त पॅड यंत्राच्या डोक्यावर चिकटवायचा नाही. यंत्र बिघडू शकतं, आणि हृदयापर्यंत जायची वीज वाटेत अडू शकते. आठ सेंटीमीटर तरी लांब. तशी जागा मिळत नसेल तर एक पॅड पुढे छातीच्या डावीकडे आणि दुसरा पाठीवर, डाव्या खांद्याच्या पात्याजवळ, म्हणजे हृदय दोन्हींच्या मधे येतं. काही यंत्रं स्वतःच आतून झटका देतात. माणसाचं अंग आपोआप उसळताना दिसलं तर अर्धा-एक मिनिट त्याला त्याचं काम करू द्यायचं.

मास्तरांनी तोवर गळ्यातली टेप काढली होती. आठ सेंटीमीटर म्हणजे तीन इंचांना थोडं जास्त. ते रबरी धडावर मोजायला लागले तशी सिस्टरनी टेप काढून घेतली.

“मोजत बसलात तर माणूस जाईल. टेप नको, हात. शर्ट उघडला की दोन्ही हाडांखाली तळहात फिरवायचा, दोन सेकंदात कळतं. मगच पॅड.”

इथे मास्तर गप्प बसले असते तर गोष्ट सरळ राहिली असती. पण त्यांना राहवेना. उठून त्यांनी आपली पद्धत सांगितली. नावं घेतली नाहीत, तेवढा धर्म पाळला. या इमारतीत येणारे निम्मे लोक आपलेच शर्ट घालतात, आणि खिसा उजवीकडे असेल तर आत डावीकडे यंत्र आहे असं खुशाल समजा. खिसा डावीकडे म्हणजे काही नाही. हात फिरवायचीही गरज नाही.

दुकानदारांनी वाहवा केली. वॉचमननं तर मनाशी पाठच करून टाकलं. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या की कल्पना चांगली आहे, पण शर्ट काय, माणूस भावाचाही घालतो, हात फिरवायचाच. मास्तर जरा खट्टू झाले. बायकोनं रबरी धडाच्या दोन्ही हाडांखाली तळहात फिरवून पाहिला, मग दुसऱ्यांदा पाहिला, आणि मगच घरी आली.

दुसऱ्या दिवशी मास्तर डावऱ्याच्या पुढच्या शर्टाचा खिसा कापत होते. खडूनं डाव्या बाजूला चौकोन आखला आणि त्यांचा हात थांबला. आपण काल नऊ जणांना काय सांगून आलो? खिसा डावीकडे म्हणजे काही नाही. हा इथे रोज येतो. हा पडला तर वॉचमन खिसा बघेल, पॅड चित्राप्रमाणे उजवीकडे लावेल, आणि उजवीकडेच ते आहे. मास्तरांनी खडू तिथेच टाकला.

ते वॉचमनकडे गेले. खिशावर फार विसंबू नकोस रे, म्हणाले. का, तुम्हीच तर सांगितलंत, तो म्हणाला. त्यावर मास्तरांना पुढे बोलता येईना, कारण पुढे बोलायचं म्हणजे डावऱ्याचं नाव घ्यायचं. ते डावऱ्याकडे गेले. निदान वॉचमनला सांगू दे, म्हणाले. वॉचमनला सांगितलं की इमारतीला कळलं, आणि इमारतीला कळलं की ताईला कळलं, डावऱ्या म्हणाला, आणि हे खोटं नव्हतं. मग मास्तरांनी स्वतःशीच एक तोडगा काढला. आपण दुकान सोडून कुठे जातो? डावऱ्या येतो तेव्हा आपण असतोच. आपल्याला माहीत आहे ना, बस. असा तोडगा काढून ते तीन महिने जगले. खरं तर डावऱ्या जिना चढताना दिसला की ते हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहायचे, आणि तो शिट्टी वाजवत उतरून गेला की जीव भांड्यात पडायचा.

तो दिवस मंगळवार, दुपारची वेळ. कापायच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता म्हणून डावऱ्या नवा पाय घेऊन येणार होता. मास्तर तिसऱ्या मजल्यावर बटणांच्या दुकानात होते. राखाडी शर्टाला राखाडी बटण मिळेना, आणि बटणांना रंग कसा देतात याची चौकशी निघाली, म्हणजे वेळ गेलाच. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की मास्तरांच्या दुकानात माणूस पडलाय.

मधे चोवीस पायऱ्या आहेत. मास्तरांनी नंतर त्या मोजल्या. उतरताना त्यांच्या डोक्यात एकच होतं: हे फक्त मला माहीत आहे. वॉचमन खिसा बघेल. हे फक्त मला माहीत आहे.

दारात माणसं उभी होती. त्यांना ढकलून ते आत घुसले. डावऱ्या दोन मशिनींच्या मधे जमिनीवर उताणा होता, चेहरा राखेच्या रंगाचा. मास्तरांनीच शिवलेला शर्ट मास्तरांच्याच कात्रीनं गळ्यापासून खालपर्यंत कापून दोन्हीकडे टाकला होता. वॉचमन घामानं निथळत छाती दाबत होता. बायको डोक्याशी गुडघ्यांवर बसली होती आणि मशीन बोलत होतं.

“उजवीकडे...” मास्तर ओरडले. “अगं, उजवीकडे त्याला...”

“माहीत आहे. मागे व्हा.”

तेव्हा त्यांनी नीट पाहिलं. एक पॅड छातीच्या डावीकडे चिकटवला होता. दुसरा दिसत नव्हता, त्याची वायर पाठीखाली गेली होती. उजव्या हाडाखालचा उंचवटा आणि त्यावरची पांढरी शिवण मोकळी होती, तिथे काहीही लावलेलं नव्हतं. कुणीही रुग्णाला हात लावू नका, मशीन म्हणालं. वॉचमननं हात वर केले. बायकोनं एकदा सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

डावऱ्याचं अंग एकदा उसळलं. वॉचमन परत दाबायला लागला. किती वेळ ते मास्तरांना सांगता येत नाही, त्यांना तो फार वाटला. मग डावऱ्याच्या घशातून करवत अडकावी तसा आवाज आला, आणि त्यानं वॉचमनचा हात छातीवरून ढकलायचा प्रयत्न केला. डाव्या हातानं. बायको तशीच बसून राहिली. मास्तर मात्र भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

झालं कसं, ते रुग्णवाहिका गेल्यावर वॉचमननं सांगितलं. डावऱ्या टेबलाखाली वाकला होता तो वाकल्या जागी आडवा झाला. वहिनींनी खाली हाक मारली, स्वतः छाती दाबायला लागल्या, वॉचमन मशीन घेऊन धावत आला. शर्ट त्यांनी कापला. वॉचमननं पॅड सोलून हातात घेतला होता.

“मी म्हटलं, वहिनी, खिसा डावीकडे आहे, म्हणजे यंत्र नाही, लावतो. तर म्हणाल्या, हात फिरवल्याशिवाय नाही. आणि फिरवला. मग थांबल्याच एक क्षण. मग म्हणाल्या, कुशीवर घे, पाठीवर लावू.”

मास्तरांनी ते ऐकून घेतलं. वॉचमनला त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि वॉचमनला ते चमत्कारिक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डावऱ्याचं यंत्र तपासायला एक तंत्रज्ञ आली. झटका दिला की यंत्राची तपासणी करावीच लागते, म्हणाली. काचेतून दिसत होतं. तिनं छातीवर एक चपटी वस्तू ठेवली आणि पडद्यावर रेघा बघत बसली. ती बाहेर आल्यावर मास्तरांनी जुन्या सवयीनं विचारलं, की ठीक आहे का, आणि काल काय झालं ते यंत्राला आठवतं का. यंत्र शाबूत आहे, तिनं सांगितलं, आणि हो, कालच्या दुपारची नोंद त्यात आहे, मिनिटासकट. पुढचे दहा प्रश्न मास्तरांच्या जिभेवर होते. पण बाकावर बायको बसली होती, म्हणून ते तिच्याशेजारी जाऊन बसले.

कालपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती. आता समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, “माझ्या हाताला लागलं तेव्हा मला कळलं. तुम्हाला कधी कळलं?”

“आठ महिने झाले.”

तिनं मान हलवली. मग हळूहळू सांगितलं, की आधी तिला गाठ वाटली होती. मग शिवण लागली, आणि सगळं लख्ख कळलं: ते बाहेरगावचं काम, तो उजवा खांदा जपून वागणं. तिचा भाऊ तिच्यासमोर मरून पडला होता आणि तिला त्याचा राग आला होता. आणि त्यांचा त्याहून जास्त. रागानंच हात थरथरला नाही, म्हणाली.

“नवऱ्यानं सांगितलेलं ऐकलं असतं,” ती म्हणाली, “तर आज भाऊ नसता.”

मास्तर म्हणाले, “हो.” वही, धर्म, दिलेला शब्द, हे सगळं कालपर्यंत फार मोठं वाटत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती त्यांनी तिला बोलून दाखवली. तिनं ऐकलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही.

मग दारात वॉर्डातली एक नर्स आली. रुग्ण बोलतोय, एका वेळी एकानंच आत या, म्हणाली. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती उठली नाही.

“तुम्ही जा आधी. त्याच्याशी नीट बोला. मी आत्ता गेले तर भांडेन.”

आत डावऱ्या उशीला टेकून होता. बरगड्या दुखत होत्या, ओठ सुकले होते. कालची दुपार त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. टेबलाचा पाय घेऊन घरून निघाल्याचं तेवढं आठवत होतं. मास्तरांना बघून त्याचे डोळे दाराकडे गेले, कुणी मागे नाही ना ते बघून परत आले, आणि त्यानं त्यांची बाही धरून त्यांना जवळ ओढलं.

“भावोजी,” तो कुजबुजला, “ताईला कळलं नाही ना?”